ठाण्यात बसून इंग्रज सेनाधिकाऱ्याची कारकीर्द कशी काढायची

ठाणे, कल्याण, वसई या पट्ट्यातल्या कुठल्याही किल्ल्यावर चार ओळी लिहायला घ्या, एखादा ‘कर्नल’ आडवा येतोच. बहुतेक मजकुरात त्याचं नाव आणि हुद्दा एवढंच असतं. तो आधी कुठल्या पलटणीत होता, इथे कसा आला, पुढे त्याचं काय झालं, हे काढायचं असेल तर आधी वहीत सहा रकाने आखा: तारीख, पलटणीतला हुद्दा, सैन्यातला हुद्दा, नेमणूक, ठिकाण आणि माहिती कुठून मिळाली.

हुद्द्याला दोन रकाने का, ते आर्थर वेलस्लीवरून कळतं. 1803 मध्ये असईला लढला तेव्हा सैन्यात तो मेजर जनरल होता, पण स्वतःच्या 33व्या पलटणीत अजून लेफ्टनंट कर्नलच. त्या पलटणीचा कर्नल तो 1806 मध्ये झाला. त्याआधी 1796 मध्ये मिळालेली कर्नलकी ‘ब्रेव्हेट’ होती, म्हणजे सैन्यात ज्येष्ठता मिळाली, पलटणीतली जागा तीच राहिली. सरकारी आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, या दोन्ही तारखा शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. घाईत एकच उतरवली की पुढचा सगळा तक्ता घसरतो. नेमणूक आणखी वेगळी: 1799 मध्ये श्रीरंगपट्टणचा हल्ला मेजर जनरल बेअर्डने चालवला, पण शहराचा कारभार मिळाला तो हुद्द्याने लहान असलेल्या कर्नल वेलस्लीला.

तक्ता भरण्याआधी एक प्रश्न सोडवायचा: माणूस राजाच्या सैन्यातला की कंपनी सरकारच्या? राजाच्या पायदळात आणि घोडदळात हुद्दे विकत मिळत. 1821 च्या दरपत्रकात पायदळातली एन्साइनची, म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याची, जागा 450 पौंडांची, लेफ्टनंट कर्नलची 4,500 पौंडांची. बढतीच्या वेळी दोन हुद्द्यांतला फरक भरायचा. ही पद्धत 1871 मध्ये बंद झाली. वेलस्ली 1787 मध्ये एन्साइन होता आणि 1793 मध्ये लेफ्टनंट कर्नल. सहा वर्षांत एवढी मजल दिसली की पराक्रमाआधी पैसा आणि वशिला तपासा. मधल्या काळात त्याने पलटणीही भराभर बदलल्या, त्या सगळ्या ठिकाणी तो लढला असं समजू नका. पुष्कळ बदल्या फक्त वरची जागा मिळावी म्हणून असत. तोफखान्यात आणि इंजिनिअरांत हुद्दे विकले जात नसत. कंपनीच्या सैन्यात बढती सेवाज्येष्ठतेने, म्हणून तिथे कॅप्टन होईपर्यंतच केस पिकत.

आपल्या जिल्ह्यापुरतं सगळ्यात चांगलं उदाहरण जेम्स हार्टलीचं. 1764 मध्ये तो कंपनीच्या मुंबई सैन्यात आला. जानेवारी 1779 च्या वडगावच्या माघारीत पिछाडी त्याने सांभाळली आणि कंपनीच्या मुंबई सरकारने त्याला रांग मोडून वर चढवलं. डिसेंबर 1780 मध्ये वज्रेश्वरीजवळ दुगाडला झालेल्या लढाईत मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश पडले, त्या वेळी समोर हार्टलीच होता. पण मागे राहिलेल्या ज्येष्ठांनी तक्रार केली, कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी ती बढती मानली नाही, आणि हार्टली विलायतेला गेला. पुढे तो परतला तो राजाच्या 75व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल म्हणून. कंपनीच्या यादीतून नाव नाहीसं झालं म्हणून ‘निवृत्त’ किंवा ‘मृत’ असं लिहिण्याची चूक अशाच ठिकाणी होते. नाव गळालं की लगेच दुसरी यादी उघडायची.

पलटणीचा आकडा वर्षाशिवाय लिहू नका. 1786 पूर्वीची 73वी आणि नंतरची 73वी वेगळ्या. जुनी 73वी पुढे 71वी झाली. 1881 मध्ये आकडे गेले आणि 75वी गॉर्डन हायलँडर्सची पहिली बटालियन बनली. गार्ड्सच्या, म्हणजे राजाच्या खास रक्षक पलटणींत तर पलटणीतला कॅप्टन सैन्यात थेट लेफ्टनंट कर्नल धरला जाई. आणि डिसेंबर 1774 च्या ठाण्याच्या वेढ्यात जखमी होऊन मेलेला कमोडोर वॉटसन आरमारातला, त्याला आर्मी लिस्टमध्ये शोधत बसू नका.

ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, सहज म्हणून आत जाता येत नाही. तेव्हा कागदांवरच भिस्त. सुरुवात 1882 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरने करा: ठाण्याचा इतिहास तेराव्या खंडाच्या दुसऱ्या भागात, गावांची माहिती चौदाव्यात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही चौकशी करावी. मूळ पत्रव्यवहारासाठी सीएसएमटीला उतरून एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा. ओळखपत्र सोबत ठेवा आणि वर्ष व खातं आधीच लिहून न्या, नुसतं नाव सांगून दप्तर निघत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांचे सेवातपशील लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, राजाच्या अधिकाऱ्यांचे क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये.

इंग्रजी कागदात आपली गावं ओळखू येत नाहीत. ठाण्याचं ‘टॅना’, कल्याणचं ‘कॅलिअन’, वसईचं ‘बसीन’ हे चटकन कळतं. दुगाडचं मात्र ‘डूगॉर’ झालेलं असतं, आणि भिवंडी तालुक्याचा नकाशा शेजारी नसेल तर ते गाव सापडत नाही.

तारखा जुळल्या नाहीत तर घाबरू नका. बोटीने बातमी लंडनला पोचायला महिने लागत, त्यामुळे यादीतला माणूस कधीकधी आधीच मेलेला असे. शिवाय बढती जाहीर झाल्याची तारीख एक आणि हुद्दा लागू झाल्याची दुसरी असू शकते. दोन्ही उतरवा, बाजूला कागदाचं नाव लिहा, स्वतःच्या मनाने एक खोडू नका.

मृत्यूची नोंद चर्चच्या दफनवहीत शोधायची. त्या वह्यांच्या लंडनला गेलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत इलाखावार क्रमांक देऊन लावलेल्या आहेत: बंगाल एन/1, मद्रास एन/2, मुंबई एन/3. हार्टली ऑक्टोबर 1799 मध्ये कण्णूरला वारला. कण्णूर म्हटल्यावर हात मद्रासकडे जातो, पण मलबार मद्रासकडे गेला त्यानंतर. 1799 मध्ये तो मुंबईच्या ताब्यात होता. पहिला शोध एन/3 मध्येच.