जिवंत स्क्विड खायचाय? मग हे आधी वाचा

जपानमधे सागा प्रांतात योबुको नावाचं मासेमारीचं बंदर आहे, तिथे इका नो इकिझुकुरी म्हणजे टाकीतून काढून लगेच कापलेला स्क्विड, म्हणजे आपला माकूळ, मिळतो. दुपारी उशिरा गेलात तर संपलेला असू शकतो, म्हणून लवकर जा.

ताट आलं की आधी रंग बघा. ताजा असेल तर काचेसारखा आरपार दिसतो, खालची नक्षी पण दिसते, आणि वेळ गेला की पांढरा पडत जातो, म्हणून फोटो दोनच काढा आणि खायला घ्या, पंधरा अँगल नकोत. पाय वळवळत असतात, घाबरू नका, मेलेल्याच्या नसा थोडा वेळ काम करतात इतकंच. पण पाय तोंडात टाकला तर भरपूर चावा, कारण पायावरचे चोषक, म्हणजे चिकटणाऱ्या बारीक वाट्या, जिभेला खरंच चिकटतात, न चावता गिळायचं तर अजिबात नाही.

वासाबी, म्हणजे ती झणझणीत हिरवी जपानी चटणी, सोया सॉसमधे कालवू नका, तुकड्यावर नखाएवढा लावा आणि सॉस नुसता टेकवा, बुडवलात की गोडवा गेलाच समजा. चव म्हणाल तर आधी कुरकुरीत, मग हळूहळू गोडसर.

उरलेले पाय वेटर परत नेतो, टेंपुरा करून, म्हणजे पिठात बुडवून तळून आणतो, नको म्हणू नका, मला तर तोच भाग जास्त आवडतो.

एक मात्र आहे, ताज्या स्क्विडमधे पण अनिसाकिस नावाची बारीक पांढरी अळी असू शकते आणि ती वासाबीने मरत नाही, त्यामुळे घास नीट बघून घ्या. गरोदर असाल तर कच्चं टाळा, टेंपुरा आहेच.