निर्णयामागचा शास्त्रीय अहवाल कसा मागवायचा

नागपुरात नाग नदीवर महापालिकेचं काम निघालं की ‘तज्ज्ञांच्या सल्ल्याने’ एवढंच कानावर येतं. तो सल्ला कागदावर मागा. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार धोरण ठरवताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे.

अर्ज एकाच विषयाचा, 150 शब्दांत, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘हे का केलं?’ असं लिहिलंत की अर्ज बाद झालाच. जन माहिती अधिकारी फक्त उपलब्ध कागद देतो. म्हणून असं मागा: ‘पाण्याच्या तपासणी अहवालाची प्रत, नमुना घेतल्याची तारीख, नस्तीवरील (फाईलमधल्या) टिपण्या.’

वर्धा रोडवरच्या नीरीकडे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) अर्ज करताना मात्र पोस्टल ऑर्डर लावा. संस्था केंद्राची, तिथे स्टॅम्प चालत नाही.

30 दिवसांत उत्तर नाही? पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.