पावसाळा लागतोय, गोल्डफिशच्या टाक्यात सोडलेली पन्हळ आधी काढा

परसात गोल्डफिश पाळणाऱ्यांची जूनमधली ठरलेली तक्रार, अख्खा उन्हाळा काढला आणि चार पाऊस पडले की मासे पटापट मरायला लागले. लगेच औषधाच्या बाटल्या आणू नका, आधी पाणी तपासा. पावसाच्या पाण्याला अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरणारे क्षार, जवळपास नसतेच, पीएच (७ च्या खाली पाणी आंबट, वर क्षारीय) ५.६ च्या आसपास. थेट पडणाऱ्या पावसाने फार बिघडत नाही, घोळ छपराच्या पन्हळीचा. ६ बाय ४ फुटांचं टाकं, अडीच फूट पाणी म्हणजे साधारण १७०० लिटर. एक इंच पाऊस थेट पडला तर ५५-६० लिटर वाढणार, पण २०० चौरस फूट पत्र्याचं पाणी फुकटचं म्हणून त्यात सोडलंय तर तोच एक इंच ४७० लिटर आणतो!

माशांच्या विष्ठेचा अमोनिया पचवणारे जिवाणू अल्कलिनिटी खातात, त्यात पावसाने ती पातळ केली की पीएच धाडकन ६ च्या खाली येतो, जिवाणू ढेपाळतात, अमोनिया साठतो. देशावर काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं, तिथे जरा सवड मिळते. कोकणात जांभ्यातलं विहिरीचं पाणी मुळातच मऊ, त्यांनी पावसाआधीच पाणी तपासायचा टेस्ट किट आणून ठेवावा. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) राहू द्या. कमी असेल तर खायचा सोडा, हजार लिटरला ३० ग्रॅम टाकला की १८ पीपीएम वाढते, म्हणजे वरच्या टाक्याला ५० ग्रॅम, बादलीत विरघळवून, दिवसाला एवढाच. चुना अजिबात नको, पीएच एकदम उसळतो.

पण सोड्याआधी अमोनिया मोजा, हे बरेच जण विसरतात. २५ डिग्रीला पीएच ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला ५ टक्के, ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणजे आंबट झालेल्या पाण्यात साठलेला अमोनिया गप्प बसलेला असतो आणि तुम्ही भसकन सोडा ओतला की तोच मासे मारतो, मग लोक म्हणतात सोडा बाधला. अमोनिया दिसला तर खाणं बंद करा, रोज पाचवा हिस्सा पाणी बदला, मग खायचा सोडा थोडा थोडा टाका. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात पीएच सकाळी वेगळा आणि दुपारी तीनला भलताच असतो, दोन्ही वेळा बघा.

गढूळ झालं म्हणून तुरटी फिरवायची सवय असते, ती उरलीसुरली अल्कलिनिटीही खाते, मऊ पाण्यात तर नकोच. पावसाळ्यात विहिरीत, नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा हात सैल असतो, पाणी ड्रममध्ये एक-दोन दिवस उघडं ठेवा, घाई असेल तर क्लोरीन मारणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे, १ पीपीएम क्लोरीनला १०० लिटरमागे पाऊण ग्रॅम.

झड लागली की शेवाळाला ऊन नाही, पहाटे पाण्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील, तेव्हा रात्रीचा एअरपंप चालू ठेवा आणि खाणं निम्मं करा. डासांसाठी धूर मारणारी फॉगिंगची गाडी आली की टाक्यावर ताडपत्री टाका आणि पंप तेवढा वेळ बंद, त्या धुरातलं औषध माशांना फार घातक. डासांच्या अळ्यांसाठी टाक्यात वेगळं काही ओतायची गरजच नाही, गोल्डफिश त्या आवडीने खातात.