नोंदींमध्ये शोध सुरू करण्याआधी

ॲपमधल्या नोंदींना शोधाची सोय जोडताना डेटाबेसच्या कोणत्या टेबलातले कोणते रकाने शोधायचे, हे रोज वापरणाऱ्यांना विचारून ठरवा. बॅकअप घ्या. हे सांगायला लागू नये.

मग कोडला हात लावण्याआधी मजकूर एकसारखा करा. मागच्या वेळी मी हेच विसरलो. गोदामाच्या ॲपमध्ये ‘दोऱ्या’ शोधलं की एकही नोंद येईना, आणि माल तर रॅकवर पडलेला. लोकांनी त्याच मालाची नवी नोंद केली, ऑर्डर दुसऱ्यांदा गेली. मी अर्धा दिवस इंडेक्सच (शोध जलद करणारी डेटाबेसची सूची) तपासत बसलो. शेवटी साठवलेला आणि टाइप केलेला, अशा दोन्ही शब्दांचे युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक) काढून शेजारी शेजारी ठेवले. एकात ऱ (०९३१) आणि हलंत. दुसऱ्यात साधा र (०९३०), हलंत आणि पाठोपाठ न दिसणारा जोडक (२००डी). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, डेटाबेसच्या लेखी दोन वेगळे शब्द.

युनिकोडचं एनएफसी (वेगवेगळ्या कोडांनी लिहिलेलं तेच अक्षर एका रूपात आणायची ठरलेली पद्धत) लावलं की भागलं, असं समजू नका. र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असा लिहिलेला ऱ ते जुळवून देतं, जोडकवाला तसाच राहतो. त्याच्यासाठी नियम आपणच लिहायचा. क्रम सांभाळा: आधी र-हलंत-जोडकचं ऱ-हलंत करा, मगच उरलेले जोडक काढा. उलट केलंत तर ‘दोऱ्या’चं ‘दोर्या’ होईल. आणि हे दोन्हीकडे हवं, साठवलेल्या मजकुरावर आणि सर्च बॉक्समध्ये टाइप झालेल्या शब्दावरही. एकाच बाजूला केलंत तर केलंच नाही. मूळ रकाना जसाच्या तसा ठेवा, शोधासाठी वेगळा करा. एक्सेलमधून चिकटून आलेल्या विचित्र स्पेस, देवनागरी आणि इंग्रजी अंक, सगळं त्याच फंक्शनमध्ये.

आता इंडेक्स. एसक्यूएलच्या ‘लाइक’मध्ये सुरुवातीलाच % (इथे काहीही चालेल, ही खूण) टाकलं तर साध्या बी-ट्री इंडेक्सचा (क्रमाने लावलेल्या सूचीचा) उपयोग होत नाही, अख्खं टेबल चाळलं जातं. पोस्टग्रेस डेटाबेसवर ट्रायग्रॅम इंडेक्स (शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून ठेवणारा) घ्या, पण मराठी शब्दांवर चालवून पाहा. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण इंजिनात फुल-टेक्स्ट इंडेक्स (मजकुरातल्या शब्दांची सूची) मुळात ३ अक्षरांहून छोटे शब्द घेतच नाही, म्हणून दोन अक्षरी आयटम कोड सापडत नाहीत. ती सेटिंग बदललीत तर इंडेक्स नव्याने बांधा.

टाइप झालेले % आणि _ एस्केप करा, म्हणजे ते खुणा न ठरता साधी अक्षरं म्हणून शोधले जातील. क्वेरी पॅरामीटरनेच, टाइप झालेला शब्द तिच्या मजकुरात थेट जोडू नका. ज्याला जी नोंद बघायचा हक्क नाही, ती त्याच्या निकालात येता कामा नये. निकालांना मर्यादा घाला. चाचणी खऱ्या डेटाच्या प्रतीवर.

आणि रात्री चालणारी आयात स्क्रिप्ट फॉर्म टाळून थेट टेबलात लिहीत असेल, तर तिच्यातही तेच एकसारखं करणारं फंक्शन घाला. आजच.