हाँगकाँगमध्ये विद्यार्थ्यांचा गट एक दिवस फिरवताय? या चुका टाळा

हाँगकाँगमध्ये दिवसभरात काय काय बघायचं, याची यादी सगळेच गट करतात. पण तीस-पस्तीस मुलं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी न्यायची, हा प्रश्न बहुतेकांना बोटीच्या धक्क्यावर पोहोचल्यावरच पडतो. दिवस हातातून निसटतो तो तिथेच.

‘स्टेशनवर भेटू’ असं सांगणं

त्सिम शा त्सुई आणि ईस्ट त्सिम शा त्सुई ही बंदराच्या एका तीरावरची दोन मेट्रो स्टेशनं जमिनीखालून जोडलेली आहेत. पलीकडच्या तीरावर सेंट्रल आणि हाँगकाँग या स्टेशनांचंही तेच. बाहेर पडायच्या वाटा इतक्या, की दोघंही फोनवर ‘मी बाहेरच उभा आहे’ म्हणतात, दोघंही खरं बोलत असतात आणि तरी चुकामूक होते. स्टेशनवरच भेटायचं असेल तर दरवाज्याचं अक्षरही ठरवून घ्या. त्याहून बरं म्हणजे त्सिम शा त्सुईचा घड्याळाचा मनोरा. 1915 सालचा, 44 मीटर उंच, विटांचा आणि ग्रॅनाइटचा. कौलून-कँटन रेल्वेचं जुनं टर्मिनस पाडलं, तेव्हा हा तेवढा राखला. लांबून दिसतो आणि बंदर ओलांडणाऱ्या बोटींचा, म्हणजे स्टार फेरीचा, धक्का त्याला लागूनच आहे.

फेरीच्या चुकीच्या रांगेत शिरणं

गटाचे दोन तुकडे होतात ते बहुधा इथे. त्सिम शा त्सुईच्या एकाच धक्क्यावरून सेंट्रलची आणि त्याच पलीकडच्या तीरावरच्या वान चायची, अशा दोन्ही बोटी सुटतात. दोन्ही हिरव्या-पांढऱ्या, दोन्हींकडे गर्दी. पुढचे चौघे गप्पांच्या नादात वान चायच्या फाटकातून आत जातात आणि त्यांच्या मागे आणखी आठ जण.

म्हणून एका शिक्षकाने सर्वांत आधी फाटक ओलांडावं, दुसऱ्याने सर्वांत शेवटी, आणि मोजणी फाटकाच्या आत करावी. बाहेर केलेल्या मोजणीचा इथे उपयोग नाही. एवढं करूनही कुणी मागे राहिलंच, तर पुढे गेलेल्यांनी परत फिरू नये. सेंट्रलला 7 नंबरच्या धक्क्यावर थांबावं, मागचे पुढच्या बोटीने येतात. जे वान चायला उतरले, त्यांनी शहरातून वाट शोधत बसू नये. त्याच फेरीने परत त्सिम शा त्सुईला यावं आणि तिथून सेंट्रलची बोट धरावी. वेळ थोडा जास्त जातो, पण नवी चुकामूक होत नाही. हे सगळं आदल्या रात्रीच मुलांना सांगून ठेवा. हरवल्यावर फोनवर समजावणं फार जड जातं.

पैशांचा घोळ

ऑक्टोपस कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून प्रवासाला वापरायचं कार्ड, प्रत्येकाचं वेगळं हवं. मेट्रोच्या फाटकातून एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात पैसे आदल्या संध्याकाळीच भरून घ्या. सकाळी स्टेशनच्या यंत्रासमोर अख्खा गट रांगेत उभा राहिला, की पहिला तास गेलाच. बस आणि ट्राममध्ये सुटे परत मिळत नाहीत. 1904 पासून धावणाऱ्या दुमजली ट्राममध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं आणि भाडं उतरताना द्यायचं. कार्ड बॅगेच्या तळाशी असेल तर चालकाशेजारी उभं राहून ते शोधावं लागतं आणि मागची सगळी माणसं खोळंबतात. उतरायच्या आधीच्या थांब्यालाच कार्ड हातात घ्यायला सांगा.

व्हिक्टोरिया पीक संध्याकाळवर ढकलणं

व्हिक्टोरिया पीक या डोंगरावरून शहराचे दिवे बघायचे म्हणून सगळं शहर संध्याकाळीच वर निघतं. 1888 पासून चालणाऱ्या पीक ट्रामची (ही डोंगर चढणारी, दोराने ओढली जाणारी गाडी) रांग तेव्हा मोठ्या गटाला परवडणारी नाही. सकाळीच जा. तरीही रांग लांब दिसली तर सेंट्रलहून 15 नंबरची बस वर जाते. वर गेल्यावर तिकिटाच्या गच्चीवर पैसे घालवण्यापेक्षा लुगार्ड रोडवर चाला. रस्ता जवळजवळ सपाट आणि फुकट आहे, आणि थोडं चाललं की झाडीतून अख्खं बंदर खाली उघडतं. माझ्या मते सबंध दिवसातली सर्वांत सुंदर जागा हीच.

मार्च-एप्रिलमध्ये मात्र धुकं फार असतं. खालूनच डोंगरमाथा ढगात दिसत असेल तर वर जाऊ नका, क्रम बदला.

क्रम बदलताना सेंट्रलचे सरकते जिने लक्षात ठेवा. 1993 पासूनची ही साखळी सुमारे 800 मीटर लांब आहे, पण सकाळी 6 ते 10 ती फक्त खाली उतरते. नऊ वाजता वर जायला आलेला गट पायऱ्या चढत बसतो.

दुपारी एकला जेवायला जाणं

सेंट्रलची सगळी ऑफिसं तेव्हाच सुटतात. साडेबाराच्या आत तरी जेवा, नाहीतर दोननंतर. शाकाहारी मुलांसाठी एक गोष्ट विचारून घ्या: उकडलेल्या हिरव्या भाजीवर बऱ्याचदा ऑयस्टर सॉस घातलेला असतो.

त्याच दिवसात मकाव कोंबणं

बोटीचा तासभर आणि जाता-येता दोन्हीकडे पासपोर्टची तपासणी. एवढ्यात हाँगकाँग राहूनच जातं. मकावला स्वतंत्र दिवस द्या.

हवामान न बघता निघणं

रात्री 8 वाजता बंदरावर होणाऱ्या ‘सिंफनी ऑफ लाइट्स’ या दिव्यांच्या कार्यक्रमासाठी त्सिम शा त्सुईच्या किनाऱ्यावर जरा आधी पोहोचा. संपल्यावर लगेच मेट्रोकडे धावू नका. वीस मिनिटं तिथेच थांबलात तर गर्दी ओसरते आणि मोजणीही नीट होते. वादळाचा 3 नंबरचा इशारा लागला, की हा कार्यक्रम रद्द होतो.

मे ते नोव्हेंबरमध्ये जात असाल तर हाँगकाँग वेधशाळेचं अॅप प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये हवंच. 8 नंबरचा इशारा लागला की फेरी आणि बस बंद होतात. वेधशाळा त्याची सूचना साधारण दोन तास आधी देते, पण त्याच दोन तासांत सगळं शहर घरी निघतं. सूचना आली की कार्यक्रम तिथेच थांबवा आणि सर्वांत आधी मुक्काम असलेल्या तीरावर या.