ओर्कांची तुकडी रंगवताना: पातळ रंगाचे दोन हात

युद्धखेळासाठी टेबलावर मांडलेला छोटा सैनिक आपण हातभर अंतरावरून बघतो. 28 मिलिमीटर मापाच्या सैनिकाचं डोकं जेमतेम तुरीच्या दाण्याएवढं. तेवढ्या अंतरावरून पट्ट्याच्या बकलावरची नक्षी दिसत नाही. कातडी कुठे संपते, कापड कुठे सुरू होतं आणि उजेड कुठून पडलाय, एवढंच दिसतं. म्हणून बारीक कामाच्या मागे लागण्याआधी गडद-फिक्याचा फरक साधा. इथे प्लॅस्टिकच्या दहा ओर्कांची, म्हणजे कल्पित कथांतल्या हिरव्या राक्षसांची, तुकडी धरली आहे. तीस एकदम घेऊ नका. तिसऱ्या रंगाला कंटाळा येतो आणि अर्धवट तुकडी खोक्यात जाते.

सैनिकांचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात. फ्रेममधून भाग तोडताना कटर भागाला अगदी भिडवू नका. मिलिमीटरभर देठ ठेवा, तो नंतर सुरीने तासा. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे बारीक शिवण उमटलेली असते. पात्याची पाठ तिच्यावर काटकोनात धरून हलक्या हाताने खरवडा. ही शिवण राहिली, तर पुढे ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवणं) करताना फिका रंग नेमका तिच्यावरच बसतो आणि ओर्काच्या डोक्यावरून पांढरी रेघ जाते. ढाल छातीसमोर येत असेल तर वेगळी रंगवा, पण चिकटवायची जागा कोरी ठेवा. प्लॅस्टिक सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून सांधा जोडतं, रंगावर ते धरत नाही. मग सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा आणि प्रत्येक सैनिक बाटलीच्या झाकणावर ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुट्टीने) बसवा. रंगवताना हात झाकणाला लागू दे, सैनिकाला नको.

प्रायमर म्हणजे पुढचा रंग नीट धरावा म्हणून द्यायचा पहिला थर. त्याचा स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवा. 20 ते 25 सेंटिमीटरवरून, सैनिकाच्या बाहेर फवारा सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवा. लांबून मारलात तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. जवळून मारलात तर चेहऱ्याच्या खाचा बुजतात. आधी सगळीकडून काळा, तो वाळला की फक्त वरून तिरका पांढरा. उजेड-सावलीचा नकाशा इथेच तयार होतो.

पावसाळ्यात मात्र स्प्रे बाजूला ठेवा. हवेतला दमटपणा साधारण 70 टक्क्यांच्या वर गेला की प्रायमर दाणेदार बसण्याची आणि वार्निश पांढुरकं पडण्याची भीती असते, आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक त्याच्या वरच असते. तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, पातळ लावा आणि दिवसभर मुरू द्या. काळ्यावर फिक्या राखाडीचा ड्रायब्रश वरून खाली ओढला की तोच नकाशा मिळतो.

आता रंग. बाटलीतला अ‍ॅक्रिलिक तसाच लावणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक: जाड थर ब्रशचे ओरखडे दाखवतो आणि नाकाच्या, दातांच्या कडा बुजवतो. एका थेंबाला एक थेंब पाणी घेऊन सुरुवात करा. अंगठ्याच्या नखावर एक फटकारा ओढून बघा. कडेला ओघळ गेला तर पाणी जास्त, ब्रशच्या केसांच्या रेषा उमटल्या तर कमी. पहिला हात ठिगळासारखा, पारदर्शक दिसेल. घाबरू नका, तो तसाच दिसायला हवा. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच द्या. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरला की खालचा रंग साल निघावी तसा उचलला जातो.

रंग ओला राहायला पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद ठेवा. मेण लावलेला बटर पेपर चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही.

एक रंग दहाही सैनिकांना, मगच पुढचा. दहाव्यापर्यंत पोचेतो पहिला वाळलेला असतो. आतून बाहेर या: आधी हिरवी कातडी, मग कापड, मग चामडं, मग धातू, शेवटी दात आणि नखं. धातूच्या रंगासाठी पाण्याचा पेला वेगळा ठेवा, नाहीतर चमकीचे कण सगळ्या रंगांत शिरतात.

मूळ रंग झाले की वॉश, म्हणजे खाचांत उतरून सावली करणारा पातळ रंग. चामडं आणि धातूवर अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड या तयार वॉशसारखा तपकिरी, कातडीवर गडद हिरवा. खाचांत उतरू द्या, पण गालावर, दंडावर तळं साचलं तर लगेच ओलसर ब्रशने टिपून घ्या. वाळताना तळ्याच्या कडेला डाग पडतो आणि तो झाकायला पुन्हा मूळ रंगापासून यावं लागतं. अर्धा तास हात लावू नका.

साखळीचं चिलखत आणि केसाळ कातडं ड्रायब्रशने उठावदार होतं. जुना ब्रश घ्या, रंग टिश्यूवर जवळजवळ संपेपर्यंत पुसा आणि उंचवट्यांना आडवा फिरवा. उघड्या दंडावर हे करू नका, खडू फासल्यासारखं दिसतं. तिथे मूळ हिरव्यात थोडा पिवळा मिसळून फक्त भुवई, नाकाचा शेंडा, खालचा ओठ आणि बोटांच्या पेरांवर लावा. एवढे ठिपके नीट बसले तर ओर्क जिवंत वाटतो. डोळ्यांना पांढऱ्यावर काळं बुबुळ काढत बसू नका. खाच काळी ठेवून लाल रंगाचा एक ठिपका पुरे.

बेसवर (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर) थोडं पाणी घातलेलं फेविकॉल लावून वाळू पेरा. समुद्रावरची असेल तर आधी धुऊन मीठ काढा. वाळल्यावर गडद तपकिरी रंग, त्यावर फिक्या मातकट रंगाचा ड्रायब्रश. बेसची कड सगळ्या दहांची एकाच रंगाची ठेवा. तुकडी एकसंध दिसते ती त्यानेच.

खेळताना बोटं लागून रंग कडांवरून उडतो, म्हणून आधी चमकदार वार्निशचा एक हात आणि वाळल्यावर मॅटचा.

एखादा सैनिक पारच बिघडला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर किंवा अ‍ॅसिटोन मात्र वापरू नका, रंगाआधी सैनिकच वितळेल.