टोकियोहून झुशी: लहान मुलांना घेऊन समुद्रावर एक दिवस

जुलै उजाडला की टोकियोच्या निशिकासाई भागातल्या मराठी घरांत "समुद्रावर कधी जायचं?" हा धोशा सुरू होतो. एनोशिमाच्या किनाऱ्याचं नाव मोठं, गर्दीही तेवढीच. पोरं पाच वर्षांच्या आतली असतील तर मी झुशीचा किनारा सुचवीन. पाणी उथळ, लाटा बहुतेक वेळा शांत. शिवाय २०१४ मध्ये झुशी शहराने नियम कडक केले: वाळूत बसून दारू नाही, मोठ्याने गाणी नाहीत, बार्बेक्यू नाही. तरुण मंडळी कुरकुरली, आईबापांचं मात्र फावलं.

१. आधी तारीख पकडा. पोहण्याचा हंगाम साधारण जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंत. त्याच दिवसांत जीवरक्षक असतात आणि 'उमी नो इये' ही किनाऱ्यावरची तात्पुरती लाकडी घरं उभी राहतात. ओबोन या पूर्वजांच्या सणानंतर, म्हणजे ऑगस्टच्या मध्यानंतर, जेलीफिश वाढतात, म्हणून त्याआधीचा कामाचा वार बघा.

२. सकाळी लवकर निघा. तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून चालत टोकियो स्टेशन आणि योकोसुका लाइनने थेट झुशी, गाडीत साधारण तासभर. गोम एकच: योकोसुका लाइनचा फलाट जमिनीखाली पाचव्या मजल्यावर आहे. बाबागाडी असेल तर सरकत्या जिन्यांच्या नादी न लागता लिफ्ट शोधा आणि पंधरा मिनिटं जास्तीची धरा. पहिलीत न गेलेल्या मुलांना तिकीट लागत नाही, एका मोठ्या माणसामागे दोघांपर्यंत. झुशी स्टेशनपासून किनारा पंधराएक मिनिटं पायी. पोरांच्या चालीने पंचवीस.

३. पिशवी भरताना पोहण्याचे वेगळे डायपर, पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे, टोपी आणि पायात पाणचपला हव्यातच. इथली वाळू काळपट, अकरानंतर अशी तापते की पोर कडेवरून उतरत नाही. शंभर येनची नाणी ठेवा, शॉवर-लॉकरला लागतात. बेबी पावडरची डबीही घ्या. खाण्याला तिखटमिठाच्या पुऱ्या उत्तम, ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र घरीच ठेवा, दमट उकाड्यात दुपारपर्यंत आंबते. पिण्याला मुगिचा, म्हणजे जवाचा गार चहा. त्यात कॅफीन नसतं, जपानी घरांत लहान मुलंही तोच पितात.

४. पोहोचल्यावर आधी सावली. उमी नो इयेमध्ये पैसे भरले की बसायला जागा, कपडे बदलायची खोली आणि शॉवर मिळतो. इथे काटकसर करू नका. तंबू ठोकत बसण्यात सकाळचा गार वेळ जातो.

५. पाण्यात उतरण्याआधी झेंडे बघा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा हलताना दिसला तर तो त्सुनामीचा इशारा. सामान तिथेच टाकून, मुलं उचलून उंचावर पळायचं.

खरी भीती मला लाटांची नाही, वाऱ्याची वाटते. जमिनीकडून वारा सुटला की फुगवलेली रिंग बघता बघता आत ओढली जाते. आमची गुलाबी फ्लेमिंगो अशीच गेली, नशिबाने रिकामी. तेव्हापासून मूल रिंगमध्ये असलं की रिंगची दोरी माझ्या मनगटाला. पाणी घोट्याएवढं असलं तरी हाताच्या अंतरावर राहा, फोन दुसऱ्याकडे द्या.

वाळूत निळसर चकचकीत फुगा दिसला तर मुलांना लांब ठेवा. पावसाळ्यात जुहूला जेलीफिशसारखे विषारी निळे जीव वाहून येतात, तेच हे. मेलेलेसुद्धा डसतात. डंख झालाच तर चोळू नका, समुद्राच्या पाण्याने धुऊन जीवरक्षकाकडे जा.

६. बारा वाजता आवरा. "अजून पाच मिनिटं"ला भुलू नका. बाहेर काढायचा हुकमी उपाय म्हणजे काकिगोरी, आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी वाटीत. अंग कोरडं झालं की पायांवर पावडर भुरभुरा, चिकटलेली वाळू झटकन गळते. कचरा पिशवीत बांधून घरी न्या. परतताना बऱ्याच गाड्या झुशीहूनच सुटतात, तेव्हा एखादी सोडावी लागली तरी तिथूनच सुटणाऱ्या गाडीत बसा. कामाकुरा यायच्या आत पोरं झोपलेली असतात आणि मग मांडी मोकळी लागते.